देह जळून राख झाला, तर ख्रिस्ती माणूस उठणार कशातून?

तुमचा प्रश्न असा: देह मातीत कुजतो, विद्युतदाहिनीत जळतो, मग ख्रिस्ती लोक ‘शरीराचं पुनरुत्थान’ मानतात म्हणजे नक्की काय? पुनर्जन्मच ना?

पुनर्जन्म नाही. तिथे आत्मा जुनं वस्त्र टाकून नवं घेतो, आणि टाकलेल्या वस्त्राशी त्याला काही देणंघेणं उरत नाही. आमच्याकडे माणूस म्हणजे देहासकट माणूस. तो एकदाच मरतो आणि ख्रिस्त परत येईल तेव्हा देहासकट उठवला जातो. खरं सांगू का, आमच्यातल्याही बऱ्याच जणांच्या मनात ‘आत्मा देवाघरी गेला’ इथेच विषय मिटलेला असतो. पण आम्ही उपासनेत उभं राहून विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणतो त्यात ‘शरीराचे पुनरुत्थान’ हे शब्द स्पष्ट आहेत, याकडे लक्ष जात नाही.

माझ्या आत्याचं लक्ष गेलं, कारण साखरेच्या आजाराने तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो पाय काकांनी कापडात गुंडाळून आमच्या दफनभूमीच्या कुंपणालगत पुरला. पुढे पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, घरी प्रार्थनेला आले तेव्हा तिने सरळ विचारलं, “पाय तिकडे, मी कुठेतरी दुसरीकडे. त्या दिवशी जमायचं कसं?”

आम्ही हसलो, पण प्रश्न जुनाच आहे. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीतही तो निघाला होता: मेलेले कोणत्या शरीराने येतात? इ.स. 55च्या सुमारास प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात त्याचं उत्तर आहे. दाणा पेरता, उगवतं ते रोप वेगळं दिसतं, तरी ते त्याच दाण्याचं. कणसात पेरलेला दाणा शोधू नका. नमुना म्हणून आमच्यापुढे येशूच आहे. कबर रिकामी, हातांवर खिळ्यांचे वण, शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, म्हणजे भूत नव्हे. तरी दारं बंद असताना आत येऊन उभा राहिला, म्हणजे देह पूर्वीसारखाही नव्हे. वण मात्र राहिले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

राखेचं म्हणाल तर इ.स. 177मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियाँ शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून राख रोन नदीत लोटली गेली, यांना पुन्हा उठायची आशाच राहू नये म्हणून. त्यामुळे ख्रिस्ती लोकांनी काही ती आशा सोडली नाही. ऑगस्टिन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताने तर नरभक्षकाने खाल्लेलं मांस शेवटी कोणाचं, यावरही डोकं खपवलंय! त्याचं उत्तर: ज्याचं आधी होतं त्याचं, खाणाऱ्याने ते उसनं घेतलेलं. मला हा हिशेब जरा अतीच वाटतो. ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला कणांची यादी कशाला लागेल?

म्हणूनच दहन हा काही अडथळा नाही. दफनाची रीत येशूलाही पुरलं होतं म्हणून, आणि देहाचा मान राखायचा म्हणून. कॅथलिक चर्चने 1963मध्ये दहनाला मोकळीक दिली, पण पुनरुत्थान नाकारण्यासाठी कोणी ते करू नये, या अटीवर. 2016मध्ये व्हॅटिकनने पुन्हा सांगितलं की राख उधळायची नाही, नातेवाइकांत वाटायची नाही, पवित्र जागीच ठेवायची.

पाळकसाहेबांनी आत्यालाही दाण्याचंच उदाहरण दिलं. तिने मान डोलावली, चहा दिला. ते गेल्यावर माझ्या वडिलांना म्हणाली, “दादा, ते सगळं खरं. तरी माझी जागा कुंपणापाशीच बघ.” तिची कबर तिथेच आहे, पायापासून हातभर अंतरावर.