संशोधक म्हणून सुरुवात केलेली माणसं तंत्रज्ञान कंपन्यांच्या प्रमुखपदी कशी पोहोचतात? पीएचडी हवीच का, आणि व्यवस्थापनात कधी जावं?

पीएचडीचं आधी उरकतो. औद्योगिक प्रयोगशाळेत स्वतःचा विषय घेऊन काम करायचं असेल तर ती जवळपास अटच असते. डिझाइन, उत्पादन किंवा सॉफ्टवेअरच्या बाजूने वर जायचं असेल तर नसते. इंटरनेटचं आद्य रूप असलेल्या अर्पानेटसाठी पैसा मिळवणारे आणि पुढे झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात संगणक संशोधकांची फळी उभी करणारे बॉब टेलर मानसशास्त्राचे पदव्युत्तर होते, डॉक्टरेट नव्हतीच. मॉरिस चँग एमआयटीत पीएचडीच्या पात्रता परीक्षेत दोनदा नापास झाले आणि १९५५ मध्ये नोकरीला लागले. नंतर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने त्यांना स्टॅनफर्डला पाठवलं, ती पीएचडी १९६४ ची. टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी त्यांनी सुरू केली १९८७ मध्ये, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते.

आता मुख्य मुद्दा. अशा लोकांचा प्रवास वाचताना पदांची यादी बघू नका. प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट या माणसाने रोजच्या उत्पादनात कधी उतरवली, ती जागा शोधा. पुढे एएमडी या चिप कंपनीच्या प्रमुख झालेल्या लिसा सू यांची पीएचडी सिलिकॉन ऑन इन्सुलेटर, म्हणजे विद्युतरोधक थरावर बसवलेलं सिलिकॉन, या विषयातली. १९९५ मध्ये त्या आयबीएममध्ये आल्या तेव्हा घोडं अडलं होतं तांब्यापाशी. चिपमधल्या जोडण्या अ‍ॅल्युमिनियमऐवजी तांब्याच्या केल्या तर रोध कमी होतो, पण तांब्याचे अणू सिलिकॉनमध्ये झिरपले की ट्रान्झिस्टर बिघडतात. म्हणून मध्ये अडसर ठरेल असा पातळ थर लागतो. तांबं हा त्यांचा विषय नव्हता. अडचण तिथे होती म्हणून त्या तिथे गेल्या. १९९८ पर्यंत तांब्याच्या जोडण्यांच्या चिप बाजारात आल्या होत्या.

त्यानंतरची एक पायरी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. २००० मध्ये त्या वर्षभर आयबीएमचे प्रमुख लू गर्स्टनर यांच्या तांत्रिक साहाय्यक होत्या. अशा कामात हाताखाली माणसं जवळपास नसतात, पण पैसा कुठे वळतो आणि चांगला चाललेला प्रकल्पही का बंद करतात, हे जवळून दिसतं. असं काम चालून आलं तर पगारवाढ किती ते न बघता घ्यावं, असं माझं मत आहे. पुढे फ्रीस्केल ही चिप कंपनी, २०१२ मध्ये एएमडी आणि २०१४ मध्ये तिथलं सीईओपद.

व्यवस्थापनात कधी जायचं? आधी हे बघा की तुमच्या कंपनीत दोन शिड्या खरोखर आहेत का. एक मॅनेजर, डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट अशी. दुसरी तांत्रिक कामाची, प्रिन्सिपल, डिस्टिंग्विश्ड इंजिनिअर, फेलो अशी. आयबीएमने फेलो हे पद १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सुरू केलं. कागदावर दोन्ही शिड्या सगळीकडे असतात, म्हणून विचारायचा प्रश्न असा : गेल्या तीन वर्षांत तांत्रिक शिडीवरून किती जण वर गेले, आणि त्यांच्या हाती प्रकल्प थांबवण्याचा अधिकार आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी शिडी शोभेची आहे असं समजा.

पाच-सहा जणांची टीम घेण्याआधी सहाएक महिने मुलाखती घेणं, वर्षाचं बजेट मांडणं आणि नव्या माणसाला मार्गदर्शन करणं ही कामं मागून घ्या. टीम स्वीकारताना वर्षभराने तांत्रिक पदावर परतता येईल, हे ईमेलवर लिहून घ्या. नेहमी बिघडतं ते एकाच ठिकाणी : सगळ्यात हुशार संशोधकाला मॅनेजर करतात, तो अवघड प्रश्न स्वतःकडेच ठेवतो, टीम नुसती मदतनीस होते, आणि वर्षभरात त्यातले चांगले लोक निघून जातात. कठीण काम आधी दुसऱ्याला द्यायचं, हे बहुतेकांना जमत नाही. परत फिरण्यात कमीपणाही नाही. एआय संशोधक यान लेकून यांनी २०१३ पासून फेसबुकची एआय प्रयोगशाळा चालवली, विद्यापीठातली जागाही राखली, आणि २०१८ मध्ये रोजचा कारभार दुसऱ्याकडे सोपवून मुख्य शास्त्रज्ञ झाले.

विद्यापीठातून उद्योगात जाताना राजीनाम्याआधी रजेचा पर्याय तपासा. प्राध्यापक जॉन हेनेसी यांनी १९८४ मध्ये स्टॅनफर्डमधून सबॅटिकल (अभ्यासरजा) घेऊन मिप्स ही प्रोसेसर कंपनी उभी केली आणि परत शिकवायला गेले. २००० ते २०१६ ते त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष होते, २०१८ मध्ये गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटच्या संचालक मंडळाचे झाले. उलटा रस्ता अरुंद आहे. चार-पाच वर्षं काहीच प्रसिद्ध केलं नसेल तर निवड समितीपुढे दाखवायला काही उरत नाही. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी शोधनिबंध छापायला परवानगी कोण देतं आणि तिला साधारण किती आठवडे लागतात, हे विचारून घ्या. आणि तुमच्या आधीच्या शोधांची यादी कराराला जोडा. ती जोडली नाही, तर आधी केलेलं कामही कंपनीत असताना केलेलं नाही हे सिद्ध करत बसावं लागतं.