माळ्यावरची लॉगबुकं आणि कॅम्पातलं मिग

जुन्या विमानांविषयी वाचकांच्या प्रश्नांना हवाई दलातले एक निवृत्त एअरफ्रेम फिटर उत्तरं देतात.

प्रश्न : माझे वडील तरुणपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर हौसेनं उडायचे. ते गेल्यावर माळा आवरताना त्यांची दोन लॉगबुकं (उड्डाणांच्या नोंदवह्या), पंखाच्या आतली असावी अशी एक लाकडी फासळी आणि तीन गोल मीटर सापडले. संग्रहालयाला द्यायचा विचार आहे. भाऊ म्हणतो, आधी फासळीला पॉलिश मारू, वह्यांना नवं बायंडिंग करू. वहीतल्या एका पानाचा फोटो सोबत पाठवते आहे. — एक वाचक, फुरसुंगी

उत्तर : ताई, भावाला आधी थांबवा. पॉलिश नको आणि बायंडिंगही नको.

तुम्ही पाठवलेलं पान मी तीनदा वाचलं. ‘रोहिणी, विंच, ५ मिनिटं’, ‘रोहिणी, विंच, ६ मिनिटं’ अशा ओळींमागून ओळी आहेत, आणि मध्येच एक ओळ : ‘कार्तिक, ४८ मिनिटं’. तारीख एप्रिलची. रोहिणी आणि कार्तिक ही ग्लायडरांची, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांची नावं. विंचनं तारेवर ओढून वर सोडलेलं ग्लायडर, वर चढणारी हवा मिळाली नाही, तर पाच-सहा मिनिटांत खाली येतं. अठ्ठेचाळीस मिनिटं वर राहिले, म्हणजे तापलेल्या माळावरून उठणारा थर्मल त्यांना सापडला आणि त्यांनी तो सोडला नाही. तेही एकट्यानं, कारण कार्तिकमध्ये एकच माणूस बसतो. रोहिणीत दोघं शेजारी-शेजारी बसतात, शिकणारा आणि शिकवणारा. त्या संध्याकाळी ते घरी कसे आले होते, हे आईंना आठवत असेल तर लिहून घ्या. वहीत ते नाही.

ही नावं आज फार थोड्यांना माहीत आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो. नागरी विमान वाहतूक खात्याच्या दिल्लीतल्या तांत्रिक केंद्रात ही ग्लायडरं आपल्याच लोकांनी आखली आणि नावं दिली नक्षत्रांची, तीही क्रमानं. अश्विनी, भरणी, मग कृत्तिकेच्या जागी कार्तिक, पुढे रोहिणी आणि मृगशीर्ष. रोहिणी १९६१ मध्ये पहिल्यांदा उडाली. क्रमातली आर्द्रा हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं केली, ती १९७९ मध्ये उडाली. लाकूड, प्लाय, त्यावर कापड आणि कापडावर डोपचे, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या रोगणाचे हात, एवढ्यावर हे सगळं उभं होतं. मी शाळेत असताना सासवड रस्त्यालगत सायकल लावून ही ग्लायडरं बघत असे. इंजिनाचा आवाज नाही, डोक्यावरून फक्त वाऱ्याची शीळ जायची. मी पुढे विमानाच्या सांगाड्याचं काम शिकलो, त्याचं मूळ त्या शिळेत आहे.

आता काय करायचं ते सांगतो. फासळीवरची धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झटका, बस. जुना सरस, पेन्सिलीच्या खुणा, एखाद्या सुताराची सही, दुरुस्तीचं ठिगळ, हे सगळं पॉलिशखाली जातं आणि फासळीची किंमत त्यातच आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. पावसाळ्यात आत दमट होऊन सांधे सुटतात. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून भिंतीपासून दूर, सपाट ठेवा. वहीच्या फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नका. प्रत्येक पानाचा फोटो काढा.

मीटरांबाबत मात्र सावध राहा. आकडे आणि काटे हिरवट-पिवळट रंगाचे असतील, तर तो रेडियमचा रंग असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. चमक देणारं रसायन थकतं, रेडियम मात्र निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. काच उघडू नका, रंग खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. बंद डब्यात ठेवा आणि देताना संग्रहालयाला तसं स्पष्ट सांगा.

देताना दानपत्र करा. वस्तूला नोंद क्रमांक मिळाला का ते विचारा, आणि लॉगबुकाची स्कॅन प्रत घरी ठेवा. नुसतं ‘जुनी वही, १ नग’ असं लिहून घेणाऱ्याला देऊ नका.

प्रश्न : पुण्याच्या कॅम्पातल्या युद्धस्मारकात उभं असलेलं विमान पुन्हा उडू शकेल का, असं नातू विचारतो. — एक आजोबा, वानवडी

उत्तर : नाही उडणार, आणि ते त्याला खरं सांगा. ते मिग-२३ बीएन आहे. हवाई दलानं हा प्रकार २००९ मध्ये निवृत्त केला. विमानाच्या एकेका भागाचं आयुष्य तासांत मोजलेलं असतं. ते संपलं की आम्ही सही करत नाही, आणि सहीशिवाय विमान उडत नाही.

पण त्याला पुन्हा घेऊन जा आणि दोन गोष्टी दाखवा. पंख जिथे धडाला मिळतो तिथला सांधा. उडताना हा पंख मागे-पुढे फिरायचा : १६ अंश, ४५ अंश, ७२ अंश. उतरताना पसरलेला, वेगात मागे दुमडलेला. दुसरी गोष्ट शेपटीखाली. तिथलं पातं चाकं बाहेर येताना एका बाजूला दुमडतं, नाहीतर जमिनीला घासलं असतं. ही दोन कोडी त्याला स्वतः सोडवू द्या.

प्रश्न : शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं. आपल्या मराठी माणसाला विमान संग्रहालयात पहिला मान का नाही? — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तुमची तळमळ मला समजते. तळपदे होऊन गेले, विमानविद्येचा त्यांना ध्यास होता, हे खरं. पण त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा नाही. त्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातल्या विमानांचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभियंत्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातलं एकही विमान उडण्याजोगं नाही, असं त्यांना आढळलं.

नोकरीत मी खिळा बदलला तरी एफ-७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, लिहून खाली सही करत होतो. जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही, असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं. तेव्हा तळपद्यांचा फलक जरूर असावा, पण त्यावर ‘असं सांगितलं जातं’ हे शब्द मोठ्या अक्षरांत हवेत. पहिला मान विचाराल तर मी फुरसुंगीच्या त्या वहीला देईन, एप्रिलचं ते पान उघडं ठेवून.