सुभेदारसाहेबांचा रोल कॉल

“फौजेतून रिटायर झालेल्या माणसाचं बाहेर कुणाशी पटतच नाही का हो?” ग्वाल्हेरात हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. आमचा लष्कर हा शहराचा भाग म्हणजे मुळात १८१०च्या सुमाराला पडलेली दौलतराव शिंद्यांची छावणी, शेजारी मुरारची छावणी, पलीकडे भिंड-मुरैना हे जिल्हे. इथे फौजी नसलेलं घर शोधावं लागतं.

एका सुभेदारसाहेबांची गोष्ट सांगते, त्यांना विचारून आणि ओळख बदलून. २८ वर्षं नोकरी करून ते घरी आले आणि वीर नारींची, म्हणजे शहीद जवानांच्या पत्नींची, पेन्शनची कामं करणाऱ्या एका छोट्या संस्थेचे अध्यक्ष झाले. चार महिन्यांत सहापैकी चार कार्यकर्ते सोडून गेले. वहिनींनी, त्यांच्या बायकोने, त्यांना माझ्याकडे सल्ल्यासाठी जवळजवळ ओढूनच आणलं. “ताई, घरीसुद्धा तेच. चहा चारला म्हणजे चारलाच!” साहेब खुर्चीच्या टोकावर ताठ बसलेले. “सिव्हिलमध्ये शिस्तच नाही,” एवढंच बोलले.

‘जरा सैल सोडा’ असं मी म्हटलं नाही. तसं म्हणून कुणी सैल झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. विचारलं, “संध्याकाळचा रोल कॉल झाल्यावर तुम्ही काय करायचात?” मग गडी वीस मिनिटं बोलत होता. कोण जेवला नाही, घरून फोन आल्यावर कोण गप्प झाला, कुणाच्या सुट्टीसाठी कंपनी कमांडरकडे शब्द टाकायचा. जेसीओचं, म्हणजे सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्याचं, निम्मं काम हेच असतं.

“आता संस्थेत हे कोण बघतं?”

त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

पुढच्या खेपेला एकटेच आले. १९९९ मध्ये कारगिलला त्यांच्या सेक्शनमधला भिंडकडचा एक जवान शहीद झाला होता. “त्याच्या घरी मी एकदाही गेलो नाही. काय तोंड दाखवणार?” संस्थेतली ती सगळी घाई, ती आरडाओरड कुठून येते, ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, “जाऊन या. अध्यक्ष म्हणून नको. शाल-श्रीफळ तर नकोच.”

ते गेले. ओसरीवर त्या बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडीघडीचे कागद काढले. फौजेच्या नोंदीत नावापुढे ‘देवी’, आधारवर ‘बाई’. हयातीच्या दाखल्याला दोन नावं जुळेनात. साहेबांनी तिथेच मांडीवर कागद ठेवून अर्ज लिहिला. त्या कामासाठी तीन खेपा झाल्या. नवऱ्याबद्दल त्या तिसऱ्या खेपेला बोलल्या. साहेब नुसते ऐकत बसले होते म्हणे.

गेलेल्या चौघांपैकी दोघे परतले. एकाचं म्हणणं, साहेब अजून ओरडतात. ओरडत असतील.

७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना झेंडा दिनाला दरवर्षी सत्कार व्हायचा. यंदा साहेबांनी भाषण गाळून मंडपात अर्ज भरायचं टेबल लावलं. मी गेले तेव्हा ते चष्मा शोधत होते, आणि समोर अकरा बायका पिशव्या घेऊन बसल्या होत्या.