एकेटी सुरू करण्याआधी

प्रिय डॉक्टर,

तू पाठवलेल्या एमआरआयच्या फिल्म्स नीट पाहिल्या. डी ११ आणि डी १२ हे मणके, मधली गादी पोखरलेली, दोन्ही बाजूंना पू साठलेला. रिपोर्टच्या शेवटी ‘कॉक्स स्पाइन’, म्हणजे मणक्याचा टीबी, असं लिहिलंय आणि त्याखाली तुझा एका ओळीचा प्रश्न आहे : एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करू का?

अजून नको. का नको ते सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न तुला पुन्हा पुन्हा पडणार आहे.

एमआरआयने जागा दाखवली. जंतू कोणता, ते सांगितलेलं नाही. आपल्याकडे मणक्याच्या इन्फेक्शनला डोळे झाकून टीबी म्हटलं तरी बहुतेक वेळा ते बरोबर निघतं, आणि खरी अडचण तीच आहे. अंदाज बरोबर येत राहिला की माणूस तपासणं सोडतो. मग एखाद्या डायबेटिक रुग्णाच्या मणक्यात स्टॅफिलोकॉकस हा पू करणारा जंतू असतो आणि त्याला टीबीच्या गोळ्या चालू राहतात. किंवा टीबीच असतो, पण रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला न जुमानणारा. घरचे नेमाने गोळ्या देत असतात आणि मणका आतून ढासळत असतो. मणक्याच्या टीबीला साधारण वर्षभर औषधं लागतात. पू करणाऱ्या साध्या जंतूंना बहुतेकदा सहा आठवड्यांची अँटिबायोटिक्स पुरतात. २०१५ साली फ्रान्समधल्या अभ्यासात सहा आणि बारा आठवड्यांचा निकाल सारखाच आला होता. दोन्ही वाटा इतक्या वेगळ्या असताना नुसत्या फिल्मवरून वाट धरू नये.

आता रुग्णाकडे परत जा. केस पेपरवर तू ‘कंबरदुखी, दोन महिने’ एवढंच लिहिलंयस. आपल्याकडचा रुग्ण येतानाच निदान घेऊन येतो : ‘मणक्यात गॅप आहे.’ तोवर पट्टा, शेक, मालिश, गुडघ्याइतक्या जाड उशा, सगळं झालेलं असतं. त्याला विचार, आडवं पडल्यावर दुखणं थांबतं का? झिजेचं दुखणं विश्रांतीने बहुधा उतरतं. इन्फेक्शनचं रात्रीही ठणकतं. ‘ताप येतो का’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर आलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस; पू असलेल्या रुग्णांतसुद्धा बऱ्याच जणांना ताप नसतो. संध्याकाळी कसर वाटते का, जेवण कमी झालंय का, पँट सैल झाली का, असं विचारलं तर खरं बाहेर येतं.

मग जंतू कुठून आला असेल ते शोध. मागच्या काही महिन्यांत गळू झालं होतं का, लघवीची नळी घातली होती का, डायलिसिस चालू आहे का, अशक्तपणासाठी गावात सलाइनच्या बाटल्या लावून घेतल्या का? घरी गोठा असेल तर अजून एक प्रश्न : गाभडलेल्या गाईची वार कुणी हाताने काढली, कच्चं दूध कोण पितं? ब्रुसेला हा जनावरांकडून येणारा जंतू मणक्यात जाऊन बसतो, विशेषतः कमरेच्या खालच्या भागात, आणि फिल्मवर टीबीसारखा दिसतो. त्याची रक्ताची तपासणी स्वस्त आहे, पण कुणी मागितली तरच होते. मंगळूर-उडुपीकडे मेलिऑइडोसिस, म्हणजे माती-पाण्यातल्या जंतूचा आजार, डॉक्टरांना ठाऊक असतो. तळकोकणातला पाऊस आणि भातशेतीचा चिखल काही वेगळा नाही. डायबेटिस असलेला शेतकरी, पावसाळ्यानंतर सुरू झालेला त्रास, आणि लॅबने ‘स्युडोमोनास’ म्हणून सोडून दिलेला जंतू, असं दिसलं तर लॅबला फोन करून पुन्हा बघायला सांग.

तपासताना सदरा काढायला लावून पाठीवर उजेड पडेल असं बसव. एकेका मणक्यावर बोटाने हलकं ठोकून बघ. एका जागी रुग्ण दचकला, तर ती जागा फिल्मशी जुळते का पाहा. मांडी पोटाशी ओढून झोपत असेल आणि पाय सरळ करताना दुखत असेल, तर सोआस स्नायूत (कण्यापासून मांडीपर्यंत जाणाऱ्या) पू उतरलाय. अशी माणसं कधी कधी खुब्याचा एक्स-रे घेऊन फिरत असतात. आणि हा प्रश्न चुकवू नकोस : ‘चप्पल पायातून निसटते का, आणि निसटली की कळतं का?’ पायातली ताकद ‘बरी आहे’ म्हणणारा रुग्णही या प्रश्नाला वेगळं उत्तर देतो. घोट्याचा क्लोनस (पाऊल झटकन वर ढकलल्यावर ते थरथरत राहणं) आणि तळव्याचा बॅबिन्स्की (तळवा ओरखडल्यावर अंगठा वर उठणं), म्हणजे मज्जारज्जू दबल्याच्या खुणा, दर राउंडला तूच बघ, दुसऱ्याने लिहिलेलं उतरवून घेऊ नकोस. पर्सिव्हल पॉट या इंग्लिश सर्जनने १७७९ मध्ये पाठीच्या बाकाबरोबर लुळे पडणारे पाय वर्णिले, तेव्हा क्षयाचा जंतू सापडायला शंभरहून अधिक वर्षं बाकी होती. त्याच्याकडे नुसती नजर होती.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल थोडक्यात. ईएसआर आणि सीआरपी हे शरीरातला दाह दाखवणारे आकडे वाढलेले असतील तर संशय बळावतो आणि पुढे उपचाराला साथ मिळते का ते कळतं, पण त्यातून जंतूचं नाव कळत नाही. पांढऱ्या पेशी नॉर्मल असू शकतात. साखर, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे करून घे. मॅन्टूवर, म्हणजे टीबीसाठी कातडीत टोचून करतात त्या चाचणीवर, वेळ घालवू नकोस, आपल्या देशात तो पॉझिटिव्ह आला तरी त्यावरून आजार ठरत नाही. टीबीच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी कुणी सुचवली तर सांग, की तिच्यावर २०१२ पासून सरकारची बंदी आहे. मणक्याचा साधा एक्स-रे नॉर्मल असला तरी त्यावर विसंबू नकोस; हाडातला तीस-चाळीस टक्के क्षार गेल्याशिवाय त्यात काही दिसत नाही.

ब्लड कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) मात्र दोन वेगवेगळ्या जागांहून, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला आणि फिल्म त्याला जुळत असेल, तर बायोप्सीची गरजच उरत नाही. मग हृदयाचा इको कर, झडपेवर जंतू बसलेत का ते बघायला.

फिल्मवरून काही अंदाज बांधता येतो, हे मी नाकारत नाही. पातळ भिंतीचा मोठा गळू, लिगामेंटखालून दोन-तीन मणके सरकलेला, त्यात कॅल्शियमचे ठिपके, गादी त्या मानाने उशिरा गेलेली : टीबी. गादी लवकर खाल्ली गेलेली आणि दुखणं जोरात : पू करणारे जंतू. गादी शाबूत, पण पेडिकल (मणक्याला मागच्या कमानीशी जोडणारा हाडाचा दांडा) गेलेलं : आधी कर्करोग डोळ्यांपुढे आण. तुझ्या रुग्णात मात्र गादी गेली आहे आणि गळू मोठा आहे, म्हणजे दोन्हीकडची लक्षणं आहेत. संपूर्ण पाठीच्या कण्याचा एसटीआयआर सिक्वेन्स (हाडातली सूज उठून दिसते तो एमआरआयचा प्रकार) घेतलेला दिसत नाही. तो घे, दुसऱ्याच जागी आणखी एक मणका बाधित असणं टीबीत नवल नाही.

आता बायोप्सी. सीटीखाली किंवा सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली, पेडिकलमधून सुई घालून होते. डी १२ ला अनुभवी हातांना ती जमते. घोळ होतो तो सुई बाहेर आल्यानंतर. नुसता पू घेऊन थांबू नये, हाडाचा तुकडाही हवा, कारण मणक्याच्या टीबीत जंतू मोजकेच असतात. आणि तो तुकडा कुठल्या बाटलीत पडतो यावर पुढचं वर्ष ठरतं. ऑपरेशन थिएटरमध्ये फॉर्मॅलिनची बाटली हाताशी असते, सवयीने सगळं तिच्यात टाकलं जातं. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून जंतू वाढत नाही. हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट ‘ग्रॅन्युलोमा’ (टीबीत दिसणारी पेशींची गाठ) म्हणेल, पण कुठलं औषध चालेल हे त्यावरून कधीच कळणार नाही.

म्हणून बाटल्या तूच ने, नावं आधी लिहून. एक फॉर्मॅलिनची, पॅथॉलॉजीसाठी. बाकीच्या निर्जंतुक, नॉर्मल सलाइनच्या : एक साध्या कल्चरला, एक बुरशीसाठी, एक सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचे जनुक शोधणाऱ्या तपासणीला (ट्रूनॅटचं यंत्र आपल्या गोव्यातल्या कंपनीचं, लहान केंद्रातही चालतं) आणि टीबीच्या एमजीआयटी कल्चरला, म्हणजे जंतू द्रवात वाढवून बघायला. सीबीनॅट दोनेक तासांत टीबी आणि रिफाम्पिसिनचा प्रतिकार दोन्ही सांगतं. ते निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं समजू नये, एमजीआयटीला बेचाळीस दिवसांपर्यंत वाट पाहावी लागते. ब्रुसेलाचा संशय असेल तर फॉर्मवर ठळक लिही. तो जंतू लॅबमधल्या माणसांनाही लागतो.

तुझ्या रुग्णाला गावातल्या डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन दिलंय का, ते आजच विचार. लघवीच्या इन्फेक्शनला सर्रास दिलं जाणारं हे औषध टीबीच्या जंतूलाही अर्धवट मारतं आणि कल्चर कोरडं येतं. चालू असेल तर बंद कर आणि प्रकृती स्थिर असेल तर बायोप्सीला आठवडा-दोन आठवडे थांब.

पाय लटके पडायला लागले, लघवी अडली किंवा सेप्सिस (इन्फेक्शनमुळे सगळं शरीर ढासळणं) दिसला तर मात्र यातलं काही थांबून करायचं नाही. त्याच दिवशी स्पाइन सर्जनकडे पाठव. तपासणीचं मटेरियल ऑपरेशनमध्ये मिळेलच, बाटल्या मात्र रुग्णाबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये जाऊ देत.

टीबी ठरला की सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद कर, नातेवाइकांना पोषण आहाराच्या पैशांबद्दल सांग, आणि महिन्याभरात एमआरआय पुन्हा काढू नकोस. रुग्णाचं दुखणं कमी होत असताना फिल्म बिघडलेली दिसू शकते. वजन, दुखणं आणि क्लोनस, यांवर लक्ष ठेव.

बायोप्सीची तारीख ठरली की कळव. रेडिओलॉजीतल्या माणसांशी मी आधी बोलून ठेवते.

तुझी,
मॅडम