मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकल्यापासून व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर बिघडलाय, दोनदा काढून पुन्हा टाकला तरी तसाच. काय करू?

सगळ्यात आधी एक विनंती. ती बिघडलेली दिसणारी मराठी फाइल आत्ता उघडी असेल तर कंट्रोल-एस दाबू नका. तशीच बंद करा, सेव्ह करायचं का असं विचारलं तर नको म्हणा. बाकी सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे, पण ही फाइल तशीच सेव्ह झाली तर काही अक्षरं कायमची जातील.

तुमच्या लिहिण्यावरून मला कळलं ते असं: लग्नपत्रिकांच्या कामासाठी जुन्या फॉन्टचं टायपिंग सॉफ्टवेअर टाकलंत. तेव्हापासून कंट्रोल-स्पेस दाबलं की सूचनांची यादी येत नाही. मग कुणीतरी सांगितलं म्हणून सेटिंगमध्ये एन्कोडिंग, म्हणजे फाइलीत अक्षरं साठवायची आणि वाचायची पद्धत, बदलून विंडोज १२५२ ही देवनागरी नसलेली जुनी पद्धत केलीत, आणि मराठीच्या जागी चिन्हांची रांग दिसायला लागली. म्हणजे ही दोन वेगळी दुखणी आहेत. दोन्हींवर एडिटर काढून पुन्हा टाकणं हा उपाय नाही.

व्हीएस कोड काढला तरी तुमच्या सेटिंग्ज विंडोज पुसत नाही. त्या तुमच्या नावाच्या फोल्डरात ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात कोड, त्यात युजर अशा ठिकाणी असतात. नवा एडिटर आला की तो तीच जुनी फाइल वाचतो. इथं आल्यावर बरेच जण चिडून अख्खा कोड फोल्डर उडवतात. कृपा करून ते करू नका. २०२२ पासून व्हीएस कोड तुम्ही सेव्ह केलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती ठेवतो, आणि त्या याच युजर फोल्डरातल्या हिस्ट्रीमध्ये असतात.

मी राजारामपुरीत वेबसाइटची कामं करते. गुऱ्हाळं सुरू व्हायच्या तोंडावर शाहूपुरीतल्या एका गूळ अडत्याच्या दरपत्रकाची फाइल माझ्याकडे होती. तुमच्यासारखाच गोंधळ झाला. मी फाइल तशीच सेव्ह केली आणि वर तो फोल्डरही पुसला. दोन संध्याकाळी अडत्याच्या वहीतून सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. म्हणून एवढं कळकळीनं सांगतेय.

सेव्ह केल्यावर काय होतं ते एका शब्दावर बघा. ‘गूळ’ या शब्दात ग, दीर्घ ऊकार आणि ळ असे तीन संकेत आहेत. तुमची फाइल ज्या एन्कोडिंगमध्ये आहे त्या युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट, म्हणजे साठवणुकीचे तीन घटक, लागतात, म्हणजे एकूण नऊ. विंडोज १२५२ ला मात्र एक बाइट म्हणजे एक चिन्ह एवढंच माहीत. म्हणून पडद्यावर नऊ चिन्हं येतात, आणि तीन-तीनच्या प्रत्येक गटाची सुरुवात डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी ए ने होते. तुम्हाला दिसतंय ते हेच ना? मग अजून फाइलीला धक्का लागलेला नाही, फक्त वाचणारा चुकतोय.

पण १२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत. हलंताचा, म्हणजे अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाचा, तिसरा बाइट नेमका त्यातल्या एका जागेवर पडतो, ह्रस्व उकाराचा दुसऱ्या. झ, ए, ऐ यांचंही तेच. तिथं एडिटर प्रश्नचिन्हाचा चौकोन दाखवतो आणि सेव्ह केलं की मूळ बाइट हरवतो. माझ्या दरपत्रकात ‘गूळ’ परत मिळाला, ‘गुळाचा’ नाही. ‘कोल्हापूर’ मधला हलंत गेला तो गेलाच.

दुरुस्ती सोपी आहे. खाली उजव्या कोपऱ्यात एन्कोडिंगचं नाव दिसतं, त्यावर क्लिक करून ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ आणि मग युटीएफ-८ निवडा. शेजारचा ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ अजिबात नको. नंतर सेटिंगमधलं एन्कोडिंगही पूर्ववत करा. एकाच प्रोजेक्टमध्ये बिघाड दिसत असेल तर त्या प्रोजेक्टची स्वतःची सेटिंग फाइल बघा, ती तुमच्या सेटिंगच्या वर चालते. फाइल आधीच सेव्ह झाली असेल तर डावीकडच्या एक्स्प्लोररमध्ये खाली टाइमलाइन उघडा आणि जुनी प्रत शोधा.

आता कंट्रोल-स्पेस. एफ-१ दाबून ‘टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ हा आदेश इंग्रजीत शोधून चालू करा. खाली प्रत्येक बटणाची नोंद उमटायला लागेल. आता कंट्रोल-स्पेस दाबा. कंट्रोलची नोंद आली पण स्पेसची आलीच नाही, तर ते बटण एडिटरपर्यंत पोचतच नाहीये. टायपिंगचं सॉफ्टवेअर ते मधेच उचलतंय, कारण मराठी-इंग्रजी बदलायला त्यानंही तेच बटण घेतलेलं असणार. घड्याळाशेजारच्या त्याच्या आयकॉनवरून ते पूर्ण बंद करा आणि पुन्हा दाबून बघा. नोंद आली पण भलताच आदेश चालला, तर दोष बहुधा एडिटरला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनचा. मग ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ चालवा. दर वेळी निम्मी एक्स्टेन्शनं बंद करून तो विचारत जातो, सोळा असतील तरी मोजक्याच फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. तुमच्या बाबतीत मला पहिलंच कारण वाटतंय.

जुन्या पत्रिकांच्या फाइलींसाठी ते सॉफ्टवेअर तुम्हाला लागणारच, त्यामुळे काढू नका. त्यात भाषा बदलायचं बटण बदलता येत असेल तर बदला. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधून बंद ठेवा आणि पत्रिकेचं काम आलं की हातानं चालू करा. वेबसाइटचं मराठी मात्र विंडोजच्या स्वतःच्या कीबोर्डनं लिहा. इनस्क्रिप्ट तर जुनाच आहे, आणि उच्चारानुसार टाइप करायचा मराठी कीबोर्ड २०१९ पासून विंडोज १० मध्ये मिळतो. विंडोज-स्पेसनं भाषा बदलते, एडिटरच्या शॉर्टकटांना धक्का लागत नाही.

आज रात्री दुसरं काही करण्याआधी तो हिस्ट्री फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या.