जुन्या कार्बोरेटरच्या बाईकला अल्कोहोल चालतं का? सरळ स्पिरिटच टाकलं तर?

तुमचा प्रश्न असा की २००९ ची कार्बोरेटरवाली बाईक आहे, पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच, मिसळलेलं पेट्रोल) हेच मिळतं, अ‍ॅव्हरेज पडलं, आणि एवीतेवी गाडीला दारूच पाजायची आहे तर दुकानातून स्पिरिट आणून टाकलं तर काय बिघडलं.

आधी उत्तर सांगून टाकतो, टाकू नका. पण "अल्कोहोलने इंजिन खराब होते" हे जे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणून राहिले ना, ते कारण नाही. इंजिनाला अल्कोहोल मस्त चालतं, फक्त इंजिन त्याच्यासाठी बनलेलं पाहिजे. ब्राझीलने १९७५ मध्ये सरकारी कार्यक्रम काढला, १९७९ मध्ये नुसत्या अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली, आणि २००३ पासून तिथे फ्लेक्स गाड्या आहेत, पेट्रोल भरा नाहीतर अल्कोहोल भरा, गाडी स्वतःच ओळखते. आणि ब्राझील कशाला, आपल्या नागपूरच्याच रस्त्यावर ऑगस्ट २०१४ मध्ये इथेनॉलची बस धावली, देशातली पहिली. गडकरी साहेबांचं खूळ म्हणून तेव्हा आम्ही पानठेल्यावर पुष्कळ हसलो होतो, "बसच प्यायली तर ड्रायव्हरला कोण पकडणार" वगैरे. पण त्या बसमधलं काम डोकं लावून केलेलं होतं. ९५ टक्के इथेनॉल, बाकी पेट घ्यायला मदत करणारं केमिकल, आणि इंजिन डिझेलच्या जातीचं पण त्याचं कॉम्प्रेशन (आतलं दाबणं) २८ ला १, साधं डिझेल इंजिन १६-१८ वर चालते. म्हणजे इंधन बदललं तर त्यांनी इंजिनही बदललं. ती सर्विस पुढे काही वर्षांनी बंद पडली, पण ते इंजिन चाललं नाही म्हणून नव्हे.

आता तुमच्या बाईकचं. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच लागते, कारण ऑक्सिजन त्याच्या अंगातच आहे. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त द्यावं लागते. इंजेक्शनवाल्या नव्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपात सेन्सर असतो, तो वास घेतल्यासारखा बघतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. तुमच्या कार्बोरेटरमध्ये, म्हणजे जिथे पेट्रोल हवेत मिसळते तिथे, एक पितळी जेट आहे, त्याला एक भोक आहे, आणि त्या भोकाला काय माहीत की पंपवाल्याने आज काय भरलं. ते तेवढंच सोडते. मग मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, गाडी सकाळी चोक ओढल्याशिवाय उठत नाही, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट होते, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत वर्धा रोडच्या सिग्नलवर उभं राहिलं की इंजिन तापून बंद. हे सगळं माझ्या २००७ च्या गाडीने केलं आहे, म्हणून सांगून राहिलो.

पण खरा धडा मला मिळाला २३ सप्टेंबर २०२३ ला. त्या रात्री अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी रस्त्यावर आली, आमच्या शंकरनगरच्या गल्लीत सीटपर्यंत पाणी. गाडी दोन दिवस वाळवली, प्लग बदलला, ऑइल बदललं, कार्बोरेटर उघडून पुसला, गाडी दोन क्षण सुरू राहते आणि बंद. तेव्हा पंपावर १० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल होतं. शेवटी गोकुळपेठेतल्या आमच्या मेकॅनिककडे ढकलत नेली, त्याला सगळे उस्तादच म्हणतात. त्याने टाकीच्या पेट्रोल कॉकखाली पाण्याची रिकामी बाटली धरली आणि टाकीतलं काढलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली तीन बोटं पांढुरकं गढूळ पाणी. मी म्हटलं, "पुराचं पाणी गेलं ना आत." उस्ताद म्हणे, "भाऊ, नुसतं पाणी नाही ते. पेट्रोल फाटलं आहे तुमचं, दुधासारखं." आणि बाटली माझ्या नाकाशी धरली, खालच्या थराचा वास चक्क स्पिरिटचा.

तर होते काय, अल्कोहोलला पेट्रोलपेक्षा पाणी जास्त आवडते. थोडं पाणी असलं तर ते तिघं मिळून राहतात. १० टक्केवाल्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मुरते, म्हणजे दहा लिटरच्या टाकीत पन्नास मिलि, टपरीवरच्या चहाच्या ग्लासाएवढंही नाही. त्याच्या वर गेलं की अल्कोहोल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसते, आणि गाडीला पेट्रोल तर तळातूनच जाते. ई२० मध्ये जरा जास्त पाणी मावते हे खरं, पण एकदा फाटलं की दुप्पट अल्कोहोल खाली बसते, आणि वर जे उरते त्याचा ऑक्टेनही (ठोके न देता जळायची ताकद) पडलेला असतो. जुन्या टाकीच्या तळाचा गंजही हे अल्कोहोल सुटा करते, तो जाऊन फिल्टरमध्ये बसतो, ते वेगळं.

आता गंमत बघा. ब्राझीलमध्ये जे अल्कोहोल पंपावर मिळते त्याच्यात पाच-सहा टक्के पाणी असतेच, आणि त्या गाड्या बिनधास्त धावतात. कारण टाकीत अल्कोहोलच जास्त असते, पाणी त्याच्यात विरघळून जाते, वेगळं व्हायला जागाच नाही. पूर्ण अल्कोहोलला थोडं पाणी चालते, पण पेट्रोलमध्ये थोडं अल्कोहोल असलं की थोडं पाणीही चालत नाही. म्हणून पेट्रोलमध्ये घालायचं इथेनॉल साडेनव्व्याण्णव टक्क्यांच्या वर कोरडं लागते, आणि ते भट्टी लावून मिळत नाही. कितीही वेळा गाळलं तरी वजनाने ९५.६ टक्क्यांवर ते अडते, पुढचं पाणी काढायला कारखान्यात खास चाळणीसारखे खडे वापरतात जे पाणी शोषून घेतात.

आणि इथेच तुमच्या स्पिरिटचा निकाल लागतो. लाकडाच्या पॉलिशवाल्या स्पिरिटमध्ये पाणी आहे, सॅनिटायझरमध्ये तर तीस टक्क्यांच्या आसपास आहे आणि वरून चिकट ग्लिसरीन. देशीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असते, म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त पाणीच (विदर्भात हा प्रयोग करायला बाटली कोणी शिल्लक ठेवेल असं वाटत नाही, ते असो). हे टाकीत ओतलं तर माझं पुराने झालं ते तुमचं हाताने होईल. त्यात काही स्पिरिटमध्ये मिथेनॉल असते, ते तर विषच, तोंडाने पाइप ओढून काढायची आपल्याकडे सवय आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

अ‍ॅव्हरेजचं म्हणाल तर पडणारच, लपवण्यासारखं काही नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा, त्यामुळे २० टक्के मिसळलं की हिशोबाने सहा-सात टक्के कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकींसाठी ३-४ टक्के आणि जुन्या चारचाकींसाठी ६-७ टक्के घट धरली आहे. म्हणजे ५५ देणारी गाडी ५१ ते ५३ वर येईल. तुमची ५५ वरून ४० ला आली असेल तर त्याचं खापर इथेनॉलवर फोडू नका, एअर फिल्टर बघा, ब्रेक घासतो का बघा, कार्बोरेटरमधला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) चिकटला असेल. सरकारवर राग माझाही आहे, पण तो याचा की लिटरमागे ऊर्जा कमी देता तर भावही तेवढा कमी पाहिजे होता आणि जुन्या गाडीवाल्याला एका पंपावर तरी जुनं पेट्रोल ठेवायला पाहिजे होतं.

करायचं काय तर, मी केलं ते सांगतो. पेट्रोलचा पाइप, फ्लोटखालची रबरी रिंग आणि कॉकचे वॉशर बदलून टाकले, जुनं रबर फुगून मऊ झालेलं निघालं, बोटाने दाबलं तर च्युइंगमसारखं. मेन जेट एक नंबर मोठा बसवला, सकाळची कटकट गेली. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं, पावसाचं पाणी तिथूनच झिरपत होतं, तेही बदललं. दोन-तीन महिने गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू ढिला करून त्यातलं सगळं काढून ठेवतो. उस्तादने सगळ्याचे मिळून हजाराच्या आत घेतले.

आणि पंपावर शंका आली तर एक सोपी टेस्ट, घरात नाही, गच्चीवर करा, विडीवाला जवळ नको. खुणा असलेल्या काचेच्या बाटलीत शंभर मिलि पेट्रोल, त्यात दहा मिलि पाणी, झाकण लावून हलवा, हळूच वाफ सोडा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर दहाच्या वर जेवढा चढला तेवढं अंदाजे अल्कोहोल. मी गेल्या उन्हाळ्यात केलं तर दहाची रेघ पंचविशीच्या पुढे गेली होती. पण पाणी टाकायच्या आधीच पेट्रोलखाली थर दिसला तर त्या पंपावर परत जाऊ नका आणि टाकी आजच रिकामी करा. जेटचा नंबर पाहिजे असेल तर गाडी किती सीसीची आहे ते खाली लिहा, उस्तादला विचारून सांगतो.