चीनमधल्या ह्वांगशान पर्वतावर पाहण्यासारखं नेमकं काय आहे?

थोडक्यात सांगायचं तर दगड, पाईन आणि ढग. ह्वांगशान म्हणजे ‘पिवळा पर्वत’, पण पिवळं काही शोधायला जाऊ नका. पूर्वी त्याचं नाव यीशान होतं, इ.स. 747 मध्ये तांग राजघराण्यातल्या सम्राटाने पौराणिक ‘पीत सम्राटा’वरून ते बदललं.

आन्हुई प्रांतातला हा पर्वत ग्रॅनाइटचा आहे. खडकाला उभ्या भेगा पडत, झिजत जाऊन सुळके उरलेत. सर्वांत उंच कमळशिखर, 1,864 मीटर.

मला विचाराल तर खरी गंमत पाईनच्या झाडांची. माती जवळजवळ नाहीच, मुळं थेट खडकाच्या फटीत घुसलेली. वाऱ्यामुळे झाडं बुटकी, शेंडा छाटल्यासारखा सपाट, फांद्या आडव्या. ‘पाहुण्यांचं स्वागत करणारा पाईन’ म्हणून एक झाड आहे, त्याच्या फांद्या एकाच बाजूला अशा पसरल्यात की कुणी हात पुढे करून ‘या, बसा’ म्हणतंय. त्याच्यावर लक्ष ठेवायला खास रक्षक नेमलेला असतो!

पाऊस पडून गेला की दऱ्या ढगांनी भरतात आणि सुळक्यांची फक्त टोकं वर राहतात. यालाच ‘ढगांचा समुद्र’ म्हणतात. तो दिसेलच याची खात्री नाही. कधी नुसतं पांढरं धुकंच. म्हणून डोंगरावरच एक रात्र मुक्काम करा, पहाटेची संधी मिळते. रोपवे आहे, तरी वर पायऱ्या भरपूर, गुडघे सांभाळून. आणि कमळशिखर चालू आहे का ते आधी बघा, झाडोरा सावरावा म्हणून ते मधूनमधून काही वर्षं बंद ठेवतात.